खुडूक न होणारी कोंबडी

आमच्या आजीकडे आठ-दहा गावठी कोंबड्या असायच्या. त्यांतली एखादी बारा-पंधरा अंडी घालून झाली की एक दिवस खुडूक व्हायची. खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसायची, हात नेला की चोच मारायची, दाणे टाकले तरी उठायची नाही. पिलं हवी असली तर आजी तिला रवणीला बसवायची. टोपलीत पेंढा, त्यावर अंडी आणि एकवीस दिवसांची वाट. पिलं नको असली तर ती खुडूक मोडायला बघायची. कोंबडीला पाण्यात बुडवून काढायची, नाहीतर नाकपुडीत पीस खोचायची. तरी आठ-पंधरा दिवस अंडं काही मिळायचं नाही. पिलं निघाली तर पुढचे दोन-तीन महिने ती पिलांमागे. पावसाळा सरता सरता पिसं झडायला लागली की पुन्हा खाडा. वर्षाचा हिशेब केला तर एका कोंबडीमागे पन्नास-साठ अंडी व्हायची आणि आजीला त्यात काही कमी वाटायचं नाही.

ही पन्नास-साठसुद्धा रानातल्या मानानं पुष्कळच. पाळीव कोंबडीची मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडी. ती विणीच्या हंगामात एखाद-दोनदा अंडी घालते, वर्षाकाठी दहा-पंधरा. (आपल्या सह्याद्रीत आरवतो तो राखी रानकोंबडा. तो निराळा. पण पाळीव कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आला असं जनुकांच्या अभ्यासात दिसलं, तेव्हा मला आपल्याच गावचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.) आज शेडमधली पांढरी लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या एका कोंबडीनं १९७९च्या ऑगस्टमध्ये संपलेल्या चाचणीत ३६४ दिवसांत ३७१ अंडी दिली. दिवसाला एकाहून जास्त. जगाला लेअरची पिलं पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता शंभर आठवड्यांच्या आयुष्यात पाचशे अंडी हे उद्दिष्ट उघडपणे सांगतात.

पन्नासावरून तीनशेवर आपण पोचलो ते मुख्यतः कोंबडीची विश्रांती काढून घेऊन. चांगलं खाद्य, लसी, मानमोडीच्या रोगापासून बचाव हे सगळं त्यात आहेच. पण मूळ काम निवडीनं केलं. जी खुडूक होते ती बाजूला काढायची, जी होत नाही तिची पिलं वाढवायची, असं पिढ्यान्‌पिढ्या. लेगहॉर्नच्या रक्तात खुडूक होणं जवळजवळ उरलेलंच नाही. त्यावर शेडमध्ये सोळा तास उजेड ठेवला की तिच्या शरीराला दिवस लहान झाल्याचं कळत नाही, म्हणजे पिसं झडण्याचा आणि अंडी थांबण्याचा इशाराही मिळत नाही. मराठीत आपण रुसून कोपऱ्यात बसलेल्या माणसाला खुडूक म्हणतो, आळशासारखं. कोंबडीच्या बाबतीत ते दिवस किती कामाचे असतात हे मला फार उशिरा कळलं.

अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून वीस-बावीस ग्रॅम. म्हणजे एका अंड्यामागे सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं कॅल्शियम बाहेर जातं. तीनशे अंड्यांत सहाशे ग्रॅम. ते खाद्यातून येतं, म्हणून लेअरच्या खाद्यात शिंपल्याचा चुरा आणि चुनखडीचे दगड घालतात. अडचण अशी की कवच घडायला जवळपास वीस तास लागतात आणि त्यातला बराच काळ रात्रीचा, पोटातलं खाद्य सरत आलेलं असताना. यासाठी निसर्गानं कोंबडीच्या पोकळ हाडांच्या आत एक मऊ हाड दिलंय, कॅल्शियमची तात्पुरती साठवण. रात्री त्यातून काढायचं, दिवसा भरायचं. पण काढणाऱ्या पेशींना मऊ हाड कुठलं आणि शरीर तोलणारं कठीण हाड कुठलं हे तितकंसं कळत नाही. त्या दोन्ही हाडं खातात. आणि कोंबडी अंड्यावर आली की कठीण हाड नव्यानं घडणं जवळपास थांबतं. ते पुन्हा सुरू होतं अंडी थांबल्यावर. खुडूक झाल्यावर किंवा पिसं झडताना. आजीची कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून बसायची तेव्हा तिची हाडं भरून येत होती. शेडमधल्या कोंबडीला तो काळ वर्षभरात मिळतच नाही.

याचे परिणाम नवे नाहीत. पिंजऱ्यातल्या लेअर अचानक पाय टाकून बसतात, उभ्या राहू शकत नाहीत, हे १९५०च्या दशकापासून पशुवैद्यकांना माहीत आहे. ब्रिस्टलच्या दोन संशोधकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कत्तलखान्यात पोचेपर्यंत पिंजऱ्यातल्या २९ टक्के कोंबड्यांचं एक तरी हाड मोडलेलं होतं. त्यांतली बरीच मोडतोड पकडताना-उचलताना झालेली. पण अलीकडे जास्त काळजी आहे ती छातीच्या मधल्या हाडाची. नावेच्या तळाच्या कण्यासारखं, बाहेर आलेलं लांब हाड. पंखांचे स्नायू त्याला धरलेले असतात आणि प्रत्येक श्वासाला ते हलतं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी चाळीस कळपांतल्या सुमारे ४८०० कोंबड्या तपासल्या. साधारण ८५ टक्क्यांचं हे हाड मोडलेलं निघालं, अनेकींचं एकाहून जास्त ठिकाणी. एकही कळप सुटला नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. त्या पाहणीतले कळप फक्त पिंजऱ्यातले नव्हते. मोकळ्या शेडमधले होते, बाहेर चरायला सोडलेले होते, सेंद्रिय प्रमाणपत्राचेही होते. अनेक ठिकाणी मोडलेलं हाड मोकळ्या कोंबड्यांत जास्त दिसलं, कारण त्या उडतात, दांडीवर चढतात, आपटतात आणि मुळात ठिसूळ असलेलं हाड तिथे मोडतं. आणि मोडण्याशी संबंध कशाचा सापडला? तलंग, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर येणारी तरुण कोंबडी, किती लवकर अंड्यावर आली, तिचं पहिलं-पहिलं अंडं केवढं मोठं होतं आणि तिचं स्वतःचं शरीर केवढं होतं याचा. लहान अंगाची तलंग लवकर अंड्यावर यायची आणि मोठी अंडी घालायची तर धोका जास्त. जर्मनीत झालेले प्रयोग याहून थेट आहेत. तिथे काही कोंबड्यांना संप्रेरक थांबवणारं औषध त्वचेखाली बसवून अंडी पूर्ण बंद केली. त्याच जातीच्या, त्याच जागेत राहणाऱ्या या कोंबड्यांमध्ये छातीचं हाड मोडण्याचं प्रमाण फारच खाली आलं.

म्हणून पिंजऱ्याविरुद्धची आपली सगळी चर्चा मला अर्धी वाटते. पिंजरा वाईट आहे, यात मला शंका नाही. युरोपीय संघानं जुना पिंजरा १ जानेवारी २०१२ पासून बंद केला, त्यात शेवटी एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी लागे. ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, हालचालीला वाव नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे. विधी आयोगानं २०१७ साली २६९ क्रमांकाचा अख्खा अहवाल अंड्याच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर लिहिला. हे सगळं हवंच. पण पिंजऱ्याचं दार उघडलं तरी त्यातून जी बाहेर येते तिच्या अंगातच तो पिंजरा आहे, आणि तो कायद्याच्या कुठल्याच कलमात नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून मुदत संपलेल्या चार लेअर मी घरी आणल्या. मोकळं अंगण, आंब्याखाली सावली, रात्री बंदिस्त खुराडं. मला वाटलं होतं, आता यांचं सगळं ठीक होईल. पहिल्या आठवड्यात त्यांना मातीत अंघोळ करताना पाहून मी रडले होते. दोन महिन्यांनी एक जण मलूल झाली, पोट फुगलं, पेंग्विनसारखी ताठ उभी राहायला लागली. गेली. पशुवैद्यकांनी पोट उघडून दाखवलं तेव्हा आत बलक होता, पिवळा, गोठलेला, आतड्यांना चिकटलेला. बीजांडकोशातून सुटलेला बलक नळीत न जाता पोटात पडत राहतो आणि तिथे कुजतो. दुसरीचं मायांग बाहेर आलं, दोनदा आत बसवलं, तिसऱ्यांदा जमलं नाही. तिसरी लंगडायची. तिच्या छातीवरून बोट फिरवलं तर हाड इंग्रजी एस अक्षरासारखं वाकलेलं आणि मधे सुपारीएवढी गाठ. ते मोडून कधीतरी आपोआप जुळलं होतं, पिंजऱ्यात, कुणाला न कळता. कोंबडी ओरडत नाही. मोडलेलं हाड घेऊन ती अंडं देत राहते.

या आजारांची यादी पशुवैद्यकांना पाठ आहे. पोटात बलक पडणं, अंडं अडकणं, मायांग बाहेर येणं, यकृतात चरबी साठून रक्तस्राव होणं. बीजांडकोशाचा कर्करोग कोंबड्यांना आपोआप आणि इतका होतो की स्त्रियांच्या त्या कर्करोगाचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञ वयस्क लेअरच वापरतात. इजिप्तचे डॉक्टर महमूद फतहल्ला यांनी १९७१ साली मांडलं होतं की विश्रांती न मिळता सतत बीज सुटत राहणं हे त्या कर्करोगाचं एक मूळ असावं. ब्रिटनमध्ये जुन्या लेअर दत्तक घेणारे लोक त्यांना पशुवैद्यकाकडून संप्रेरक थांबवणारं तेच औषध टोचून घेतात, अंडी बंद व्हावीत म्हणून. ते महाग आहे, काही महिनेच टिकतं आणि आपल्याकडे कोंबडीसाठी कुणी ते करेल असं मला वाटत नाही. पण एखाद्या जनावराला जगवायचं तर त्याचं नेहमीचं काम औषधानं बंद करावं लागतं, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

इथे पोल्ट्रीवाल्यावर बोट रोखणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. त्याच्या हातात जात निवडणं नाही. एक दिवसाचं पिलू हॅचरीतून येतं, हॅचरीला ते मूळ पैदाशीच्या कंपनीकडून, आणि जगभरात लेअरच्या शुद्ध वाणांवर ताबा आहे तो दोन-तीन मोठ्या समूहांचा. भारतात आपलं म्हणता येईल असं काम पुण्याच्या व्यंकटेश्वरा समूहानं केलं. अमेरिकी बॅबकॉक वाणावरून त्यांनी घडवलेली बीव्ही-३०० देशभरच्या शेडमध्ये आहे. अंड्याचा भाव शेतकऱ्याच्या हाती राहावा म्हणून याच समूहाचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांनी १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली, आणि त्या वेळी बुडत असलेल्या हजारो लहान पोल्ट्रीवाल्यांना तिनं तारलं. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनी २००६च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूनं आपलं सगळं पक्षीधन पुरताना पाहिलंय. मक्याचा आणि सोयापेंडीचा भाव वाढला की पोल्ट्रीवाल्याची झोप उडते. अशा माणसाला "तू निर्दय आहेस" म्हणणारी मी कोण?

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि मी तो रोज मनात घोळवते. १९५०-५१ साली देशात १८३ कोटी अंडी होत. २०२३-२४ साली १४,२७७ कोटी झाली, माणशी १०३. पोषणतज्ज्ञ माणशी १८० सुचवतात. राज्यात अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या लहान मुलांना अंडी मिळतात, आणि मेळघाटातल्या अंगणवाडीत उकडलेलं अंडं सोलणाऱ्या मुलाला कोंबडीच्या हाडांची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटणार नाही. राज्य सरकारनं २०२३च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि २०२५च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला, तेव्हा मला संतापच आला होता. ते अंडं परत सुरू व्हावं, दोन व्हावीत. मी अंड्यांच्या विरोधात लिहीत नाहीये.

म्हणून पैशांचा हिशेब मांडते. लेअर दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, वर्षाला चाळीस किलो. तिनं ३२० अंडी दिली तर अंड्यामागे १२५ ग्रॅम खाद्य. तिला थोडी उशिरा अंड्यावर आणली, थोडी विश्रांती दिली आणि अंडी २९० झाली असं समजू, तर अंड्यामागे १३८ ग्रॅम. तेरा ग्रॅमचा फरक. खाद्य किलोला तीस रुपये धरलं तर चाळीस पैसे. पिलाचा, शेडचा, मजुरीचा खर्च कमी अंड्यांवर वाटला जाईल, म्हणून तो थोडा आणखी वाढेल. हा बोजा शेतकऱ्यानं किंवा अंगणवाडीतल्या मुलानं उचलावा असं मी म्हणत नाही. तो माझ्यासारखीनं उचलावा, जी गावठी म्हणून विकलं जाणारं तपकिरी अंडं दुप्पट भावानं घेते आणि ते खरंच गावठी आहे का हे विचारतही नाही.

आणि तेवढाही बोजा कदाचित पडणार नाही. स्कॉटलंडमधल्या रोस्लिन संस्थेत कॉलिन व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी लेगहॉर्नच्या दोन ओळी वाढवल्या. एका ओळीत मजबूत हाडांच्या कोंबड्यांची निवड, दुसरीत कमकुवत हाडांच्या. हाडांचा हा गुण वारशानं चांगलाच उतरतो आणि काही पिढ्यांतच दोन्ही ओळींमधला मोडतोडीचा फरक ठळक दिसायला लागला. हा शोध २००० साली छापून आला. म्हणजे पाव शतकापासून माहीत आहे की हाडं निवडता येतात. अमेरिकेत विल्यम म्यूर यांनी १९९० च्या दशकात असंच वेगळं काहीतरी मोजलं. एकेक कोंबडी न निवडता त्यांनी एकत्र ठेवलेल्या अख्ख्या गटाची कामगिरी पाहून निवड केली. एकमेकींना टोचून मारण्याचं प्रमाण इतकं उतरलं की वर्षभरातली मरतूक काही पिढ्यांतच ६८ टक्क्यांवरून नऊ टक्क्यांच्या आत आली. पैदासकारांनी ज्या लक्षणाला गुण दिले ते वाढलं. हाडांना त्यांनी पुरेसे गुण दिले नाहीत, एवढंच घडलंय.

आणि ते द्यायला लावायची सोय आपल्याकडे आहे. केंद्र सरकारची कुक्कुटविकास केंद्रं आहेत, पश्चिम विभागाचं तर मुंबईत आरे कॉलनीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोंबड्या एकाच जागी, एकाच खाद्यावर वाढवून त्यांची तुलना करणारी चाचणी गुडगावच्या केंद्रात होत आलेली आहे. तिथे मोजतात ती अंड्यांची संख्या, अंड्याचं वजन, खाद्य, मरतूक आणि खाद्याचा खर्च वजा जाता उत्पन्न. त्या तक्त्यात छातीच्या हाडाचा एक रकाना असावा, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. शिकवलेल्या माणसाचं बोट लागतं. कोंबडी उताणी धरून हाडावरून बोट फिरवलं की बाक आणि गाठ कळते, मिनिटही लागत नाही. साठाव्या आठवड्याला शंभरातल्या किती कोंबड्यांचं हाड शाबूत होतं, हा आकडा प्रत्येक वाणाच्या नावापुढे जाहीर व्हावा.

परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत तर हे आजच करता येईल. तिथे पिलं सरकार वाटतं, महिला बचत गटांना, आदिवासी कुटुंबांना. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूची गिरिराजा या जाती चांगल्या आहेत, गावठीपेक्षा दुपटी-तिपटीनं अंडी देतात आणि तरी परसात तग धरतात. माझी भीती पुढची आहे. योजनेचं यश अंड्यांच्या आकड्यावर मोजलं जातं, म्हणून पुढची सुधारित जात आणखी पन्नास अंडी जास्त देणारी असेल, त्याच्या पुढची आणखी पन्नास. ज्या बाईकडे पशुवैद्यक वर्षातून एकदा येतो, तिच्या खुराड्यात मग शेडचे आजार येतील. शिवाय त्या कोंबड्या खुडूक होणार नाहीत. म्हणजे पिलं घरात निघणार नाहीत, दर खेपेला विकत आणावी लागतील. आजीला कधी पिलू विकत आणावं लागलं नाही.

माझ्या चारांतली शेवटची अजून आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिची पिसं झडली, मान उघडी पडली, अंडी बंद झाली. शेडमध्ये असती तर त्याच आठवड्यात गाडीत गेली असती. मी खाद्यात शिंपल्याचा चुरा घालत राहिले. अडीच महिन्यांनी नवी पिसं आली, पांढरीशुभ्र. आता ती आठवड्याला तीन अंडी देते, कधी दोन. महिन्यातून एकदा तिला मांडीवर उताणी घेऊन मी छातीवरून बोट फिरवते आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवते. मागच्या रविवारची नोंद अशी आहे: वजन दीड किलो, हाड सरळ, गाठ नाही.